सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, लडिंग्टन स्टेट पार्क आणि आई-बाबा: उन्हाळाभर वापरल्यावर

मागच्या हिवाळ्यात आम्ही सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतला आणि अख्खा उन्हाळा मिशिगनभर ओढत फिरवल्यावर आता लिहितोय. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण या किमतीतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपासच बनतात आणि आतला एसी, फ्रीज, पंप हे ठरलेल्या दोन-चार सप्लायरचंच असतं, त्यामुळे स्टिकर कुठला यापेक्षा वजन किती आणि टाक्या किती गॅलनच्या ते बघा. घ्यायचं कारण म्हणजे आई-बाबा. उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात, दोघांना फिरायची हौस दांडगी, पण तंबूत जमिनीवरून उठायचं म्हणजे आईचे गुडघे, आणि रात्री टॉर्च घेऊन टॉयलेट ब्लॉकपर्यंत जायचं, छे. हॉटेलात नेलं की बाबा टीव्ही लावून बसतात, मग एवढ्या लांब गेलो कशाला?

सगळ्यात जास्त वापर झाला तो लडिंग्टन स्टेट पार्कला. एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक, मधून बिग सेबल नदी, डेट्रॉईटकडून चारेक तास, ट्रेलर मागे असेल तर पाच धरा. मिशिगनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग यायच्या तारखेच्या सहा महिने आधी सकाळी आठला उघडतं, म्हणजे जुलैची जागा जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना. आठ म्हणजे आठ, आठ वाजून पाच मिनिटांनी वीकेंडच्या चांगल्या साइट, म्हणजे ट्रेलर उभा करायच्या जागा, गेलेल्या असतात. त्यातून हे पार्क २०२४ च्या सप्टेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कामांसाठी बंद होतं, त्यामुळे उघडल्यावर सगळ्यांनाच तिथे जायचंय. नाही मिळालं तर नाद सोडू नका, लोक कॅन्सल करतात, आम्हाला एक अख्खा आठवडा मंगळवारी रात्री सहज बघताना मिळाला. साइट घेताना लांबीचा आकडा मात्र नीट बघायचा. ट्रेलरच्या मॉडेल नंबरात २४ असलं तरी पुढची हिच, म्हणजे गाडीला जोडायचा दांडा, धरून तो २७-२८ फूट भरतो, आणि बीचवूड लूपमध्ये (पार्कातल्या साइटच्या एका गटात) झाडं अशी उभी आहेत की रिव्हर्स घेताना मागे एक माणूस उभा लागतोच. आमच्याकडे ते काम बाबांचं, हातवारे पुण्याच्या ट्रॅफिक हवालदारासारखे.

ओढण्याबद्दल सगळे टो रेटिंग, म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते ते, विचारतात, पण आधी संपतं ते पेलोड, म्हणजे गाडी स्वतःवर किती भार घेऊ शकते ते. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर येतो, म्हणजे भरलेला ट्रेलर ६,००० पाउंडांचा असेल तर ६०० ते ९०० पाउंड थेट गाडीवर, त्यात पाच माणसं, आईचा डबा आणि मुलांच्या सायकली. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळा स्टिकर असतो तो वाचा, सेल्समन काय म्हणतो ते सोडा. पाणीही घरून भरून नेऊ नका, एक गॅलन म्हणजे ८.३४ पाउंड, ४० गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशेच्या वर. आम्ही पार्कात पोचल्यावर, साइटवर जायच्या आधीच भरतो, कारण आपल्या साइटवर नळ नसतो, फक्त वीज असते.

आता वीज. ३० अँपचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट, ऐकायला भरपूर वाटतं. पण छतावरचा एसी दीड हजार, पाणी तापवायचा हीटर विजेवर ठेवला तर चौदाशे, आणि आईने त्यात भातासाठी इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) लावला की हजार, झालं, सगळं बंद. त्यामुळे आमचा नियम असा की पाणी गॅसवर तापवायचं आणि एसी चालू असेल तर पॉट लावायच्या आधी ओरडून सांगायचं. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या चढउतारापासून वाचवणारं उपकरण) घेणार असाल तर कमी व्होल्टेजला कट करणारा घ्या, थोडा महाग पडतो पण भर दुपारी सगळ्या लूपचे एसी सुरू झाले की व्होल्टेज खरंच बसतं, आमचा प्रोटेक्टर व्होल्टेज १०४ च्या खाली गेलं की वीज तोडतो. एसीचा कॉम्प्रेसर जळण्यापेक्षा तासभर घाम आलेला परवडला.

पण ट्रिप किती दिवसांची करायची हे वीज ठरवत नाही, सांडपाण्याची टाकी ठरवते, आणि हे कोणत्याच इंग्लिश व्हिडिओत आपल्या स्वयंपाकाच्या हिशोबाने सांगत नाहीत. आमची ग्रे टँक, म्हणजे आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची टाकी, ३० गॅलनची आहे. शॉवरमधून मिनिटाला दोन गॅलन गेलं तरी पाच मिनिटांची एक आंघोळ म्हणजे दहा गॅलन, म्हणजे तीन माणसांत टाकी भरली. भांडी वेगळीच. आई वाहत्या नळाखाली भांडी घासते, आयुष्यभर तसंच केलंय, तिला बोलून उपयोग नाही. मग आम्ही पद्धत बसवली: ताट-वाट्या आधी पेपर टॉवेलने पुसून घ्यायच्या, विशेषतः रश्श्याचं तेल, कारण ते टाकीत गेलं की तिसऱ्या दिवशी सिंकमधून असा वास येतो की खिडक्या उघडायला लागतात. मग दोन टब, एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा. आंघोळी पार्कच्या शॉवरला. एवढं केल्यावर पाच माणसांत चार दिवस आरामात निघतात. मधेच भरली तर चाकांची पोर्टेबल टाकी मिळते, तीत काढून डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी) न्यायची, जमिनीवर सोडायला परवानगी नाही. चेकआउट दुपारी एकला असतं, रविवारी त्या सुमारास डंप स्टेशनची रांग बघवत नाही, आम्ही सकाळी नाश्त्याआधीच उरकून येतो.

स्वयंपाकाचं म्हणाल तर आतली शेगडी चहा आणि वरण-भाताला ठीक, पण फोडणी बाहेरच. आत मिरची तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि शेजारचा मिशिगंडर (मिशिगनचा माणूस) काळजीने डोकावतो. बाहेर टेबलावर दोन बर्नरची शेगडी, छोटा कुकर, पिठलं, घरून नेलेल्या फ्रोझन पोळ्या. लाकडं घरची नेऊ नका, एमराल्ड अॅश बोरर नावाची कीड २००२ मध्ये डेट्रॉईटच्या आसपासच सापडली होती आणि लाकडांतूनच लांबवर पसरली, तिथे गेल्यावर विकत घ्या.

तळ्याबद्दल माझं स्पष्ट मत, ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं असतील तर हॅमलिन लेककडचं बीचवूड घ्या. पाइन्स लूप लेक मिशिगनला जवळ आहे, फोटो तिथले भारी येतात, पण ते पाणी जूनमध्येही बर्फासारखं गार असतं. हॅमलिन उथळ, कोमट, कयाक भाड्याने मिळतात. हे तळं मुळात लाकूडतोडीच्या काळात धरण बांधून केलेलं, ते धरण १८८८ मध्ये फुटलं आणि हॅमलिन गाव वाहून गेलं, १९१२ मध्ये परत फुटलं. बाबांना हे सांगितल्यापासून ते रोज संध्याकाळी धरणाच्या भिंतीची पाहणी करून यायचे, शेवटी पाटबंधारे खात्यातला रिटायर्ड माणूस. १८६७ चं बिग सेबल पॉइंटचं दीपगृह ११२ फूट उंच आहे, पण चालत जायला एका बाजूला पावणेदोन मैलांच्या वर, आई बाकाबाकावर बसत गेली, वर मात्र चढली नाही. आणि जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे जेवणं कधी करायची हा रोजचा वाद.

तक्रारी पण आहेत. स्लाइड-आउटच्या (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) वरच्या कोपऱ्यातलं सील पहिल्या मोठ्या पावसात गळायला लागलं, आईच्या गादीचा कोपरा ओला. ज्या डीलरकडून घेतला त्याने भर सीझनमध्ये सहा आठवडे ट्रेलर अडकवून ठेवला आणि वर सील वॉरंटीत येत नाही म्हणून बिल दिलं. आता दर महिन्याला मीच शिडी लावून छताचे सगळे जोड बघतो, सीलंटची ट्यूब कायम गाडीत. सोबत आलेली गादी म्हणजे फळी, वर तीन इंची टॉपर घातल्यावरच आई झोपली. ऑक्टोबरात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरून ट्रेलर स्टोरेजला टाकलाय, बॅटरी घरी बेसमेंटमध्ये. ती जुनी लेड-अॅसिडची आहे, वीज नसलेल्या साइटवर रात्री फर्नेसचा (आतल्या हीटरचा) पंखा चालवला की पहाटे मान टाकते, जानेवारीच्या बुकिंगआधी लिथियम घ्यायची का यावर घरात चर्चा सुरू आहे, कुणी वापरली असेल तर मिशिगनच्या थंडीत कशी टिकते ते सांगा.