मागचं भोक: घरी केलेल्या स्पीकरचे नऊ महिने

पहिल्या रविवारी आल्यागेल्याने ज्या बासची तारीफ केली, त्याच बासने महिनाभरात मला हैराण केलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात हे स्पीकर पहिल्यांदा वाजले, आता गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात सोफा हलला, मुलाचे शाळेचे मोजे कामी आले आणि एक फळी फुगली.

स्पीकर विकतचे नाहीत. डिझाइन माझं, सुतारकाम कळव्याच्या एका मिस्त्रीचं. खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची कागदी कोनचा वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक इंची रेशमी डोमचा ट्वीटर, दोन्ही एसबी अकूस्टिक्सचे, इंडोनेशियात बनणारे. वूफरची कड मुद्दाम रबराची घेतली. वडिलांच्या जुन्या स्पीकरला फोमची होती, ती आमच्या दमट हवेत अशी विरली की बोट लावलं की भुगा. डबा १८ लिटरचा, १८ मिलिमीटर मरीन प्लायचा, वरून सागाचं विनियर. फक्त मागची फळी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याची, कारण त्या दिवशी मिस्त्रीकडे तुकडा पडलेला होता आणि माझं बजेट संपत आलं होतं. त्याच फळीत नळीचं भोक; ही नळी डब्यातली हवा घुमवून खालचे सूर वाढवते. मोजायचा मायक्रोफोन धरून सगळं मिळून ६१ हजारांत बसलं.

वूफरच्या आकड्यांवरून डब्याचं माप काढायची आज सगळीकडे चालणारी रीत नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांची. थीलचा लेख ऑस्ट्रेलियात १९६१ साली आला, स्मॉलने सत्तरच्या दशकात तो विषय पूर्णत्वाला नेला. आता ते सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार आकडे घाला, आलेख हजर. आणि आलेख दिसला की माणूस लोभी होतो. माझ्या वूफरचा बंद डबा केला तर ६५ हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल पडतात, नळी लावली की तेवढेच पडायला ४२ उजाडतं. मग ६५ वर कोण थांबतो? नळी ४० ला लावली.

आमचा हॉल ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतला, १४ बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये कोणता स्वर अडकून घुमणार, हे काढायला शाळेचं गणित पुरतं: आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला अंतराच्या दुपटीने भागायचं. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, उत्तर ४०. नळी ४० ला, खोली पण ४० ला. हे गणित मी डबे चिकटवून झाल्यावर केलं, हे कबूल करायला हरकत नाही. रुंदीचं उत्तर ५६, उंचीचं ५९, म्हणजे तेही एकमेकांच्या अंगावर.

डिसेंबरात तबला वाजवणारा एक मित्र जेवायला आला. विलंबित एकताल लावला होता. दोन आवर्तनं ऐकून म्हणाला, ‘हा डग्गा नाही रे, हा ढोल आहे. प्रत्येक घे एकाच सुरात बसतोय.’ मला आधी राग आला. मग त्याने खाली गाडीतून स्वतःची जोडी आणली, हॉलच्या मधोमध सतरंजीवर मांडी घातली, आणि तळव्याची टाच शाईच्या कडेने सरकवत घे, म्हणजे डग्ग्याचा घुमणारा बोल, वाजवला. सूर खालून वर चढत गेला, रबर ताणावं तसा. घुमारा होता, पण मागे शेपूट नव्हतं. तोच घे स्पीकरमधून यायचा तेव्हा चढणं ऐकूच यायचं नाही, नुसता ‘घूं’ भरून राहायचा.

खोली तीच, मग फरक कशाचा? तो बसला होता मधोमध. लांबीच्या त्या ४० च्या घुमण्याला खोलीच्या मध्यावर दाब जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथून वाजवलेलं त्याला फारसं चेतवत नाही. भिंतीपाशी दाब सगळ्यात जास्त. आणि माझे स्पीकर समोरच्या भिंतीपासून फूटभर, माझं डोकं मागच्या भिंतीला टेकलेलं. दोन्ही टोकांना मीच खतपाणी घालत होतो.

त्या रात्री मुलाचे पांढरे मोजे गुंडाळून दोन्ही नळ्यांत कोंबले. डबा बंद झाला. दुसऱ्या दिवशी रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर लावून बसायच्या जागी मोजलं: ४० ला आधी १३ डेसिबलचा उंचवटा होता, तो ६ वर आला. मग सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला, तो ४ वर आला. सोफ्यामागे आता केर साठतो आणि तो काढायचं काम रीतसर माझ्याकडे आलं आहे. पण डग्गा डग्ग्यासारखा वाजू लागला. बंद डब्याचा बास खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, नळीवाल्याचा २४ ने. हा संथ उतार आणि छोट्या खोलीने खाली घातलेली भर एकमेकांना बऱ्यापैकी भागवतात. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस३/५ए हा जेमतेम पाच लिटरचा बंद डबा. त्यात खोल बास नाही, तरी लोक अजून त्याच्यावर जीव टाकतात. त्याचं मला पूर्वी हसू यायचं.

खर्जाचं काय, असं कुणी विचारेल. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येतो, काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा १०४ ला. म्हणजे ६५ ला दम टाकणारा डबासुद्धा तंबोरा पूर्ण देतो. त्यातही तंबोरा खरा ओळखू येतो तो जवारीवर, तारेच्या त्या झणकारावर, आणि ती सगळी वरच्या स्वरांत असते. तिथे क्रॉसओव्हरची, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या जोडणीची, परीक्षा लागते.

क्रॉसओव्हर २२०० हर्ट्झला, लिंकविट्झ-रायली पद्धतीचा, दर सप्तकाला २४ डेसिबल. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्यूलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर, मांडणी १९७६ सालची. जोडाच्या जागी दोन्ही ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटर, सहा डेसिबल खाली असतात आणि बेरीज सपाट येते. अट एकच, दोघांचे फेज, म्हणजे लहरींचे चढउतार, जुळले पाहिजेत. माझ्या पहिल्या आवृत्तीत ते जुळले नव्हते आणि तंबोऱ्याची तार छेडली की जवारी थोडी डब्यातून, थोडी डब्याच्या वरून यायची. क्रॉसओव्हरमधली एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बदलली, ती लॅमिंग्टन रोडवरून दोन खेपा घालून आणली. कॉइल एकमेकींना काटकोनात बसवा, शेजारी शेजारी एकाच दिशेला ठेवल्या तर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं.

अजून एक गोष्ट विकतच्या स्पीकरमध्ये आपल्या हातात नसते. माझी पुढची फळी २२ सेंटिमीटर रुंद. साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आवाज फळीला वळसा घालून मागे पसरतो, त्यामुळे समोर बसलेल्याला खालचे सूर सहा डेसिबलपर्यंत कमी मिळतात. पुस्तकी उपाय म्हणजे वरचे सूर तेवढेच दाबायचे. पण स्पीकर भिंतीजवळ असला की मागे गेलेलं बरंचसं परत येतं. मी साडेतीनच दाबले. पाच दाबून पाहिले तेव्हा पुरुषी आवाज पडसं झाल्यासारखे वाटायचे.

तक्रारी आहेतच. या स्पीकरला वॅट लागतात, माझा ५० वॅटचा अँप्लिफायर पुरतो, पण लग्नघरासारखं वाजवायचं असेल तर हे ते नव्हेत. सिनेमातले स्फोट आता फुसके वाटतात, मुलगा ते बोलून दाखवतो. हार्मोनियमच्या एका पट्टीला डावा स्पीकर कुरकुरायचा. आठवडाभर वूफर उघडून पाहिला, शेवटी निघाल्या शोकेसच्या सरकत्या काचा. खालच्या काकूंनी मात्र डिसेंबरनंतर एकदाही बेल वाजवली नाही, हे मोजमाप मी मायक्रोफोनच्या वर धरतो.

मग जुलै. खिडकीकडच्या स्पीकरची एमडीएफची फळी स्क्रूच्या भोकांपाशी फुगली, ब्रेडचा तुकडा चहात पडावा तशी. स्क्रू नुसते फिरायला लागले, डबा हवा सोडू लागला. मी कडांना सीलर लावला होता, पण नळीसाठी कापलेल्या भोकाची आतली कड तशीच कोरी राहिली होती. प्लायला काही झालं नाही. ठाण्यात राहून एमडीएफ वापरायचाच असेल तर प्रत्येक कापलेली कड बंद करा, नाहीतर वापरूच नका.

परवा दोन्ही मागच्या फळ्या काढून मिस्त्रीकडे नेल्या, नव्या मरीन प्लायच्या करायला. त्याने जुनी फळी उलटीसुलटी केली, भोकातून मोजा ओढून काढला, नाकापासून लांब धरून माझ्याकडे पाहिलं आणि नळीचं भोक त्याच मापाचं ना, असं विचारलं. म्हटलं, भोक नकोच आहे या वेळी.

‘मग आदी पाडलंत कशाला?’