यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घेण्यासारखाच आहे, पण ओरिजिनल डिस्क लागंना म्हणून ती फेकायच्या आधी हे वाचा

परभणीला काकांच्या घरी बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घेतला, आता बरेच महिने वापरात आहे म्हणून लिहायलोय. वस्तू चांगली आहे, बिनधास्त घ्या. नव्या लॅपटॉपला डिस्कचा ट्रे येतच नाही आणि आपल्याकडं घरोघरी नाटकं, कीर्तनं, जुने सिनेमे कपाटात डिस्कवर पडून आहेत. दीड-दोन हजाराच्या आसपास येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली सांगतोय ते कुठल्याही कंपनीच्या ड्राइव्हला लागू आहे.

घरी बर्न केलेल्या लग्नाच्या डिस्का, व्हीसीडी, फोटोच्या सीडी, हे सगळं लावलं की चालू होतं. अडतं ते विकत घेतलेल्या ओरिजिनल डीव्हीडीला. डिस्क फिरायलीय, VIDEO_TS नावाचं सिनेमाच्या फाइलींचं फोल्डर दिसायलंय पण चित्र काही येईना. काका एका दुकानात दाखवायला गेले तर त्यानं बघून सरळ सांगितलं की डिस्का गेल्यात, टाकून द्या. एकही गेलेली नव्हती! मला या गोष्टीचा लई राग येतो, कारण लोक असं ऐकून खरंच भंगारात देतात आणि त्यातली कितीतरी कीर्तनं आज दुसरीकडं कुठंच मिळायची नाहीत.

सगळ्यात आधी करंट बघा. यूएसबी 2.0 च्या पोर्टला 500 मिलिअँपिअर मिळतात आणि हे चपटे ड्राइव्ह डिस्क फिरवायला सुरुवात करताना त्याच्यापेक्षा जास्त ओढतात. मग कट् कट् आवाज येतो, डिस्क फिरते, थांबते, परत फिरते, आणि आपल्याला वाटतं डिस्कच खराब. डेस्कटॉप असंल तर समोरच्या पोर्टला न लावता मागं मदरबोर्डच्या पोर्टला लावा, मधे हब नको, दोन तोंडांची केबल आली असंल तर दोन्ही तोंडं लावा. काकांच्या निम्म्या डिस्का एवढ्यावरच चालू झाल्या.

दुसरी भानगड विंडोजची. विंडोज 7 च्या होम प्रीमियम आणि त्याच्या वरच्या व्हर्जनमधे डीव्हीडी आपोआप लागायची, विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टनं ते काढूनच टाकलं, 10 साठी स्टोअरमधे वेगळं ॲप आहे पण त्याला पैसे पडतात. मी व्हीएलसी नावाचं व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे आणि काकांना पण झेपतं. फक्त मूळ साइटवरूनच घ्या. 2022 मधे आपल्याकडं ती साइट काही महिने ब्लॉक होती, नोव्हेंबरमधे परत उघडली, त्या काळात कुठून कुठून डाउनलोड केलेलं कुणाच्या कॉम्प्युटरवर असंल तर ते काढून परत टाका.

आता कुलपाचं. ओरिजिनल डीव्हीडीवर सीएसएस नावाचं लॉक असतं, 1996 पासूनचं. चित्र उलटंपालटं करून ठेवलेलं असतं आणि ते सरळ करायची किल्ली डिस्कच्या अशा भागात असते जो साधी फाइल कॉपी करताना येतच नाही. म्हणून त्या फोल्डरमधल्या VOB फाइली, म्हणजे सिनेमाच्या फाइली, हार्ड डिस्कवर ओढून घेतल्या तर एकतर कॉपी होताना एरर येतो, नाहीतर कॉपी होतात पण चालवल्यावर गुलाबी-हिरव्या चौकटी नाचतात, आवाज तुटक तुटक. ते दिसलं की समजायचं डिस्क चांगली आहे, फक्त लॉक आहे. ती ड्राइव्हमधेच ठेवून व्हीएलसीमधे मीडिया, मग ओपन डिस्क असं जाऊन चालवायची, मेनूवरच अडकत असंल तर तिथं नो डिस्क मेनूजवर टिक करायची.

आणि रीजन, हे मात्र नीट वाचा. डीव्हीडीसाठी जगाचे नंबर देऊन भाग पाडलेत, एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या ड्राइव्हवर लागत नाही. भारत डीव्हीडीच्या रीजन 5 मधे येतो, अमेरिका 1 मधे. आपल्याकडच्या बऱ्याच हिंदी सिनेमांच्या डिस्का ऑल रीजन असतात म्हणून आपल्याला हे माहीतच नसतं. काकांचा मुलगा न्यूजर्सीला आहे, त्यानं प्राण्यांच्या डॉक्युमेंटरीचा अख्खा सेट पाठवला, तो रीजन 1 चा, इथं लागंना. डिव्हाइस मॅनेजरमधे ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडल्या की डीव्हीडी रीजन असा टॅब आहे, तिथं बदलता येतं, पण सगळे मिळून पाचच वेळा. मोजणी ड्राइव्हच्या आत होते, फॉरमॅट मारा नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, ती मागं जात नाही, आणि संपली की शेवटचा रीजन कायमचा. काही रिपेअरवाले प्रत्येक डिस्कला रीजन बदलून देतात, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि थोड्या दिवसांनी ड्राइव्ह अडकून बसतो. असं कुणाला करू देऊ नका. व्हीएलसी रीजन न बदलता पण प्रयत्न करतं, पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, तेव्हा मधेच बंद करू नका, पण काही ड्राइव्ह दाद देत नाहीत. आमचा दिला नाही. मग काकांच्या जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्ह कायमचा रीजन 1 ला लावून ठेवला आणि नवा 5 वर. आता काका जेवण झालं की वाघ बघत बसतात.

पुसायचं म्हणाल तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ, गोल गोल नाही. आणि आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यानं धुतली तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि त्या डागावर चित्र अडकतं. धुवायचीच असंल तर आरओ फिल्टरचं पाणी घ्या.

ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची जास्त स्पष्ट चित्राची डिस्क, तिच्यासाठी मात्र हा ड्राइव्ह घेऊ नका. तिची लेझर 405 नॅनोमीटरची, डीव्हीडीची 650 ची, त्यामुळं या ड्राइव्हला ती डिस्क वाचताच येत नाही. आणि ब्लू-रेचा ड्राइव्ह घेतला तरी पुढं कटकट आहे. तिचं लॉक एएसीएस, त्याच्या किल्ल्या बदलत राहतात म्हणून विकतचं प्लेअर सॉफ्टवेअर लागतं आणि ते अपडेट करत राहावं लागतं. मॉनिटर एचडीसीपीवाला, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राचं लॉक समजणारा पाहिजे, जुनी व्हीजीए केबल असंल तर विषयच संपला. फोरकेवाल्या ब्लू-रेला तर इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षेची सोय लागायची, ती इंटेलनं 11व्या जनरेशनपासून घरच्या कॉम्प्युटरमधून काढून टाकली, म्हणजे कॉम्प्युटर जितका नवा तितकी ती डिस्क लागायची आशा कमी. पैसे देऊन डिस्क घेणाऱ्या माणसाला हा जाच कामून, मला खरंच पटत नाही. ब्लू-रे बघायची असंल तर टीव्हीला लावायचा वेगळा प्लेअर घ्या.

ड्राइव्ह घेताना दुकानातच आपली एखादी ओरिजिनल डीव्हीडी लावून बघा आणि रीजनच्या टॅबमधे किती बदल शिल्लक आहेत ते पण बघा. खोकं आधीच उघडलेलं असंल तर हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.