‘पूर्ण नेकलेस’ म्हणे!

लेकीकडे बॉस्टनला आलोय. तिनंच एमराल्ड नेकलेसची, म्हणजे इथल्या एकमेकींना जोडलेल्या बागांच्या माळेची, ही पायी सफर बुक केली. सुरुवात कॉमनपासून, हे मैदान १६३४ चं, म्हणजे आपल्या शिवरायांहून चारच वर्षांनी धाकटं! गाइड पोरगी तयारीची. माळेतल्या फेन्स या बागेत माणसाहून उंच बोरूच्या बेटापाशी थांबवून म्हणाली, इथं सांडपाणी तुंबून घाण सुटायची, त्यावरचा इलाज म्हणून या बागांचा रचनाकार ओल्मस्टेड यानं खारी दलदल आखली. पुढं १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, पाणी गोडं झालं आणि त्याची खाऱ्या पाण्यातली झाडं गेली. जाहिरातीत ‘पूर्ण नेकलेस’. प्रत्यक्षात फेन्सलाच गाशा गुंडाळला. माळेच्या शेवटच्या टोकाचं फ्रँकलिन पार्क आम्ही नंतर स्वखर्चानं पाहिलं. वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही. तीन तारे, तेही त्या पोरीचे.