टँगलवूडची हिरवळ की शिकागोचं फुकट मैदान?

आईबाबा उन्हाळ्यात राहायला आलेत, नायगारा बघून झालाय, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘इथला ऑर्केस्ट्रा ऐकवू या की एकदा.’ ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मांडवातली हिंदी गाणी येणार, ते असो. उघड्यावरचा उन्हाळी महोत्सव, आणि त्यातही बीथोवन-मोझार्ट नव्हे तर अमेरिकन संगीतकारांची संध्याकाळ असं ठरलं, की आमच्या ओळखीतले लोक दोन नावांपाशी अडतात. एक मॅसॅच्युसेट्समधलं टँगलवूड, म्हणजे बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचं उन्हाळी घर, दुसरा शिकागोचा ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल. दोन्हीकडे मी सतरंजी टाकून बसलेय, त्यामुळे मत आहे.

पैशांचं आधी उरकते. ग्रँट पार्क फुकट. १९३५ साली, मंदीच्या दिवसांत सुरू झाला तो याच तत्त्वावर. पुढच्या काही रांगा सभासदांच्या, बाकी जो आधी येईल त्याची खुर्ची. मिलेनियम पार्कातल्या फ्रँक गेरीने रचलेल्या प्रिट्झकर पॅव्हिलियनमध्ये पक्क्या खुर्च्या ४,००० आहेत आणि मागच्या गवतावर आणखी ७,००० लोक मावतात. टँगलवूडला गवतावर बसायलाही तिकीट लागतं. छपराखालची खुर्ची हवी तर बरंच महाग, अन् तिथे सुमारे ५,००० जागा. या छपराची गोष्ट मला फार आवडते. १९३७ च्या ऑगस्टमध्ये तंबूत वाग्नर या जर्मन संगीतकाराचं संगीत चालू असताना असं वादळ आलं की पावसापुढे ऑर्केस्ट्रा ऐकूच येईना. त्याच मैफिलीत लोकांपुढे पक्क्या छपरासाठी हात पसरला गेला. वर्गणी जमली, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेड उभी.

जाण्यायेण्यात शिकागोला तोड नाही. ट्रेनमधून उतरा, चालत जा. बुधवार-शुक्रवारचे कार्यक्रम साडेसहाला सुरू होतात, म्हणजे ज्येष्ठांना वेळेत घरी आणता येतं. टँगलवूडला बॉस्टनहून गाडीने अडीच तास धरा, न्यूयॉर्कहून तीन. शुक्रवार-शनिवारी वाद्यं जुळवायलाच आठ वाजतात. संपल्यावर अंधारात गाडी शोधायची, मग बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग. रविवारी दुपारी अडीचचा कार्यक्रम असतो, लांबून येणाऱ्यांनी तोच धरावा.

एवढं वाचून कुणीही शिकागोचंच नाव घेईल. मीही घेतलं होतं.

पण उघड्यावर ऐकताना खुर्ची, तिकीट, ट्रेन यांच्याआधी शांतता बघावी लागते, आणि अमेरिकन संगीतात शांततेचं काम मोठं आहे. शिकागोत गवताच्या वर पोलादी नळ्यांची जाळी आहे आणि तिच्यातून स्पीकर सोडलेत, त्यामुळे अगदी मागे बसलात तरी आवाज स्वच्छ येतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पार्काला लागून जाणाऱ्या मिशिगन ॲव्हेन्यू या गजबजलेल्या रस्त्याबद्दल. सॅम्युअल बार्बरचं ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ चढत चढत टोकाला जातं आणि तिथे एकदम थांबतं. त्या थांबण्यात सगळा जीव आहे. आमच्या वाट्याला नेमकी त्याच क्षणी अग्निशमन दलाची गाडी आली. शेजारचे आजोबा हसले, मी मात्र चिडले.

याच्या उलट गर्शविन. ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’मध्ये त्याने टॅक्सीचे हॉर्न चक्क वाद्यं म्हणून घातलेत. शिकागोत ते वाजले तेव्हा बाबांनी कानाशी येऊन विचारलं, ‘हा आतला की रस्त्यावरचा?’ एक आतला होता, एक खरंच रस्त्यावरचा. ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या सुरुवातीची क्लॅरिनेटची ती लांबलचक घसीटही गगनचुंबी इमारतींच्या मधोमध ऐकावी. फ्लॉरेन्स प्राइसची पहिली सिंफनी कार्यक्रमपत्रिकेत दिसली तर विचारूच नका, शिकागोच गाठा. बाई शिकागोत राहायच्या. ही सिंफनी १९३३ मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रानेच पहिल्यांदा वाजवली, आणि एका कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी देशातल्या मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिलीच वेळ. तिच्यातलं जुबा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांचं नृत्य, ऐकताना पाय आपोआप ठेका धरतात.

मात्र पत्रिकेत आरन कोपलंडचं ‘ॲपलेचियन स्प्रिंग’ असेल तर टँगलवूड. कोपलंड इथे वर्षानुवर्षं शिकवायचा, ते सोडा. त्या रचनेतली गाजलेली धून शेकर या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या साध्यासुध्या गाण्याची आहे, आणि शेकरांचं हॅन्कॉक हे गाव, आता संग्रहालय, तिथून गाडीने जवळ आहे. सकाळी ते बघावं, मग मैफल. शेवटाकडे तंतुवाद्यं इतकी हलकी होत जातात की आपणही श्वास धरून बसतो. तशात आमच्या सतरंजीवरून स्टीलच्या डब्याचं झाकण सुटलं आणि उतारावरून खणखणत घरंगळलं. पाच-सहा माना वळल्या. दशम्या फॉइलमध्येच न्या.

चार्ल्स आइव्ह्जच्या ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’मधलं तर एक ठिकाणच तिथलं. तिसऱ्या भागाचं नाव ‘द हूसाटॉनिक ॲट स्टॉकब्रिज’. ही नदी महोत्सवापासून जवळच वाहते. १९०८ मध्ये लग्नानंतर तो बायकोबरोबर तिच्या काठाने फिरला. पाण्यावर धुकं, पलीकडच्या चर्चमधून येणारी प्रार्थना. तेच त्याने सुरांत उतरवलं. धुक्यासारखी व्हायोलिनं दाटत दाटत कल्लोळ होतो, तो मध्येच तुटतो, मागे पुसटसा स्वर उरतो. हा स्वर शहरात हाती लागेल असं मला वाटत नाही.

त्यामुळे तिकिटाआधी पत्रिका उघडा आणि मुख्य रचना संपते कशी ते ध्वनिमुद्रणावर ऐकून घ्या. दणक्यात संपत असेल तर शिकागो. विरत जात असेल तर टँगलवूड, आणि तेही परवडलं तर छपराखाली. गवतावर स्पीकर आणि पडदे आहेत, पण लोक तिथे मेणबत्त्या, चीज, वाइन मांडून सहलीलाच आलेले असतात. सवाईला मागे भारतीय बैठकीत जी कुजबुज चालते, तशीच समजा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीची खुर्ची न्या. टँगलवूड ज्या बर्कशायरच्या टेकड्यांत आहे तिथे जुलैतही रात्री गारवा पडतो, शाल लागतेच. शिकागोत मिशिगन तळ्यावरून येणारा वाराही काही कमी नाही.

लहान मुलं सोबत असतील किंवा दोन तास एका जागी बसवेल की नाही अशी शंका असेल, तर तालीम ऐका. शिकागोत पॅव्हिलियनमध्ये दिवसा तालमी चालतात, कुणीही जाऊन बसावं. टँगलवूडला शनिवारी सकाळी तिकीट काढून तालीम ऐकता येते. ऑर्केस्ट्रा चालवणारा कंडक्टर मध्येच थांबवतो, तोच छोटासा तुकडा पुन्हा वाजवून घेतो. आमच्या बाबांना मैफिलीपेक्षा हेच जास्त आवडलं.