फिजिक्समधलं स्पिन समजायचं असेल तर विश्रामबागचा हा क्लास
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आधीच्या एका क्लासमध्ये स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो एवढंच सांगून पुढं गेले, आणि मी वर्षभर तेच डोक्यात धरून बसलो. सांगलीत विश्रामबागला सरांकडं आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी ते खोडलं. इलेक्ट्रॉन खरंच छोटा गोळा असता तर एवढ्या स्पिनसाठी त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा जास्त वेगानं फिरावा लागला असता म्हणे, म्हणजे भोवरा नाहीच, तो इलेक्ट्रॉनचा स्वतःचा गुणच आहे, जसा चार्ज.

मग १९२२ चा स्टर्न आणि गेरलाखचा प्रयोग दोन तास शिकवला. चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला तर काचेवर एक पसरट पट्टा यायला हवा होता, पण आले दोन वेगळे भाग! चांदीत ४७ इलेक्ट्रॉन, ४६ चा परिणाम एकमेकांत मिटतो, उरतो एकच, आणि त्याचं स्पिन मोजलं की वर नाहीतर खाली, मधलं काही नाही. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला खरंच.

३६० अंश फिरवलं की इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचं चिन्ह (अधिक-उणे) उलटतं, ७२० ला मूळ जागी येतं, हे सरांनी कमरेचा पट्टा दाराच्या कडीला अडकवून पीळ देऊन दाखवलं: एक पूर्ण पीळ टोक न फिरवता सुटत नाही, दोन सुटतात.

फी जरा जास्त आहे, बॅच मोठी आहे, मागं बसलं तर फळा नीट दिसत नाही, लवकर जा. गणितं अजून हवी होती. तरी पाचपैकी पाच स्टार देतोय.