स्पिंडलच्या ड्राइव्हला आयजीबीटी का सिलिकॉन कार्बाइड? माझा कल सांगतो

दोन्ही वापरून झालेत म्हणून लिहितोय. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आणि आयजीबीटी किंवा सिलिकॉन कार्बाइडचा मॉस्फेट हे त्याच्या आतले करंट चालू-बंद करणारे स्विच. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं ग्राइंडिंगचं शॉप आहे, इंटर्नल ग्राइंडरचा (जॉबच्या भोकाला आतून घासणारं मशीन) स्पिंडल, म्हणजे चाक फिरवणारी मोटर, २४,००० आरपीएमचा, म्हणजे दोन पोलच्या मोटरला ४०० हर्ट्झ. आधी नेहमीचा आयजीबीटी ड्राइव्ह होता, दीड वर्षापूर्वी सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेटवाला घेतला. (गंमत म्हणजे कार्बाइड टूल घासायची आपली हिरवी चाकं असतात ना, तेच मटेरियल.)

आयजीबीटी ड्राइव्हची कार्यक्षमता ९७ टक्के आणि याची ९८.५ टक्के, यात काय एवढं, असं मलाही वाटलेलं. पण उलटं धरून बघा, साडेसात किलोवॅटवर ३ टक्के म्हणजे सव्वादोनशे वॅट नुसती गरमी, दीड टक्का म्हणजे त्याच्या निम्मी. लाइट बिलात फार काही जाणवत नाही, पण पॅनलमधून बाहेर काढायची गरमी अर्धी होते आणि माझं घोडं तिथंच अडलं होतं.

झालं असं की ८ किलोहर्ट्झ कॅरियरला (म्हणजे ड्राइव्हचे स्विच सेकंदाला आठ हजार वेळा चालू-बंद) ४०० हर्ट्झच्या एका सायकलमागे पल्स मिळतात २०, करंट खडबडीत जातो, रोटर तापतो आणि दुपारपर्यंत बोअरचा (भोकाचा) साइज सरकायला लागतो. म्हणून कॅरियर १६ वर नेला. तर आयजीबीटी बंद होताना करंट लगेच तुटत नाही, शेपूट राहतं, आणि दर स्विचिंगला त्याची गरमी, मग फॅन सतत फुल. शेजारी फाउंड्र्या, हवेत बिडाची पावडर, वर आमचं ऑइल मिस्ट, सगळं मिळून हीटसिंकच्या फिन्समध्ये काळी चिकट पेस्ट बसायची. दर पंधरा दिवसांनी फॅन काढा, ब्रशनं खरवडा, हवा मारा, आणि एकदा विसरलं की मे महिन्यात दुपारी ओव्हरटेम्परेचर ट्रिप, तेही जॉब अर्धा आत असताना. या साफसफाईलाच खरं मी कंटाळलो.

नवीन ड्राइव्हच्या हीटसिंकवर संध्याकाळी तळवा ठेवून निवांत उभं राहता येतं, जुन्याला राम म्हणायच्या आत हात मागं यायचा. मीटर लावून मोजलेलं नाही, हाताचाच हिशोब आहे. आणि आमचं काम फिनिशिंगचं, लोड दिवसभर कमीच. आयजीबीटीत करंट थोडा असला तरी व्होल्टभराचा ड्रॉप बसतोच, मॉस्फेटमध्ये करंट उतरला की ड्रॉपही उतरतो.

आता पैसे, मला अडीचपट पडला. शिवाय याचं स्विचिंग फार झटकन होतं, केबल लांब असेल तर मोटरच्या टर्मिनलला डीसी बसच्या (ड्राइव्हच्या आतल्या डीसी व्होल्टेजच्या) जवळजवळ दुप्पट व्होल्टेज आदळू शकतं, म्हणजे ४१५ च्या सप्लायवर हजाराच्या वर, रिवाइंड केलेल्या जुन्या मोटरचं काय होईल सांगायला नको. माझी केबल ४ मीटर, तरी हे झटके मऊ करणारा फिल्टर टाकूनच घेतला. मोटर केबलच्या शील्डचं (वरच्या जाळीचं) अर्थिंग दोन्ही टोकांना हवं, ते आळसानं एकाच बाजूला केलं होतं, तर समोर काही नसताना प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ धातू आला की सिग्नल देणारा) लुकलुकायचा, दोन दिवस सेन्सरलाच शिव्या घातल्या.

त्यामुळं पंप, ब्लोअर, कन्व्हेयर असलं काही असेल तर आयजीबीटीच घ्या, माझं तरी तसंच मत आहे. हायस्पीड स्पिंडल असेल आणि पॅनल धुळीत असेल तर थोडं थांबून, पैसे जमवून सिलिकॉन कार्बाइडवालाच घ्या असं म्हणेन. जुना ड्राइव्ह मी बोअरवेलच्या पंपाला लावलाय, ४ किलोहर्ट्झवर, शिट्टी मारतो जरा, पण वर्षभरात त्याचा फॅन एकदाच काढला.