घाटात डिझेल गाडीची ओढ गेली: दोष हवेच्या बाजूला की डिझेलच्या?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात आमच्या डिझेल हॅचबॅकने अचानक दम सोडला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही इंजिनाच्या फेऱ्या अडीच हजारांच्या पुढे जाईनात, आणि मागे ट्रकची रांग लागलेली असताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशीबशी माथ्यावर पोचली. तेथे चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती पुढच्या चढापर्यंत सुरळीत धावली. पुढे एका गॅरेजमध्ये टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला आणि दुसऱ्यात इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल काढून तपासण्याचा. दोन्ही कामे खर्चिक होती, आणि दोन्ही ठिकाणी गाडीचे बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान झाले होते.

अशा वेळी पार्टची नावे ऐकण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे असे माझे ठाम मत आहे: इंजिनाला हवा कमी पडते आहे की डिझेल? टर्बोने दाबून भरलेली हवा आणि रेलमधून, म्हणजे नोझलना उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतून, शेकडो बार दाबाने फवारलेले डिझेल यांचा मेळ बसला तरच ओढ मिळते. यांपैकी एक बाजू लंगडी पडली की इंजिनाचा संगणक स्वतःच्या बचावासाठी ताकद मर्यादित करतो. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद-चालू केल्याने ही मर्यादा अनेकदा तात्पुरती उठते, मूळ दोष मात्र तसाच राहतो. त्यामुळे ‘बंद करून चालू केली की नीट चालते’ एवढ्यावरून कोणत्याही एका बाजूवर बोट ठेवता येत नाही.

पहिला फरक धुरात दिसतो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) किंवा तेथून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप फाटला, तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशोबाने पडत राहते आणि मागे काळा धूर सुटतो. सोबत ॲक्सिलरेटर दाबताना बॉनेटखालून ‘फुस्स’ असा किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. डिझेल कमी पडत असेल तर असा काळा धूर सहसा दिसत नाही. गाडी सपाटीवर साठ-सत्तरच्या वेगाने शांत चालते, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना गचके देऊ लागते आणि कधी कधी इंजिन बंदही पडते. तुंबलेला फिल्टर थोडे डिझेल जाऊ देतो, जास्त मागणी मात्र पुरवू शकत नाही, हे त्याचे कारण. मात्र बीएस-6 प्रदूषण-निकषांच्या गाड्यांमध्ये धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असल्यामुळे धुराची ही खूण फारशी भरवशाची नाही. तेथे आवाजावर आणि गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर अधिक विसंबावे लागते.

दुसरा फरक तपासणीच्या सोपेपणात आहे, आणि म्हणूनच मी हवेची बाजू आधी पाहण्याच्या बाजूचा आहे. इंजिन थंड असताना टर्बोचे पाइप हाताने दाबून, वळणाच्या आतल्या अंगाने बोट फिरवून आणि प्रत्येक क्लिप हलवून पाहायला दहा मिनिटे पुरतात. आमच्या गाडीत इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या खालच्या वळणावर तेलकट काजळीचा पट्टा उमटला होता. तो फडक्याने पुसून पाइप पिळला तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. हात सोडताच ती पुन्हा मिटली. उभ्या गाडीत ती कोणाला दिसली नाही याचे आश्चर्य नाही, कारण टर्बोचा दाब आला तरच ती फाकत असे. टर्बोला स्वतःला काहीही झालेले नव्हते.

डिझेलच्या बाजूने सुरुवात फिल्टरपासून करावी. पुस्तिकेतील मुदत उलटून गेली असेल तर तो बदलावाच, पण जुना फिल्टर टाकून न देता त्यातले डिझेल काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे होते. फिल्टर बदलल्यानंतरच जर तक्रार सुरू झाली असेल, तर नळीच्या जोडातून हवा शिरत आहे का हे आधी पाहावे. नोझलचा संशय असेल तर ते काढण्यापूर्वी रिटर्नची चाचणी मागावी: चारही नोझलच्या परतीच्या नळ्यांना छोट्या बाटल्या जोडून इंजिन चालवतात, आणि ज्या नोझलची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते ते नोझल रेलमधील दाब गळू देत असते. हे काम डिझेल पंप-नोझलच्या कारागिराकडूनच करून घ्यावे. इंजिन चालू असताना उच्च दाबाची नळी घरी कधीही सैल करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते.

स्कॅनर दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवतो. पी0299 हा कोड टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे सांगतो, तर पी0087 रेलमधील दाब कमी असल्याचे. कोड फक्त लक्षण सांगतो, दोषी पार्टचे नाव सांगत नाही. पी0299 पाहून लगेच टर्बो बदलणे ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. त्यापेक्षा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन, शेजारी बसलेल्या माणसाला टर्बो आणि रेल या दोन्हींसाठी संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे आकडे स्कॅनरवरून नोंदवायला सांगावे. रेलमधील दाब मागणीबरोबर चढत असेल आणि टर्बोचा मागे पडत असेल, तर दोष हवेच्या बाजूला आहे. उलट असेल तर डिझेलच्या.

हवेच्या बाजूचा कोड असून पाइप धडधाकट निघाले, तर टर्बोला हुकूम देणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, काजळीने अडकलेल्या टर्बोच्या पात्या आणि धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा, पण उघडाच राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह या क्रमाने पाहावे. शहरात रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या बीएस-6 गाडीत डीपीएफ तुंबण्याची शक्यता मी याही आधी धरीन. निळा धूर किंवा टर्बोतून किंकाळीसारखा आवाज आला तर मात्र ही सगळी तुलना बाजूला ठेवून गाडी तेथेच बंद करावी आणि टो करूनच न्यावी, कारण टर्बोतून गळणारे ऑइल इंजिन जाळू लागले तर इंजिन चावीनेही बंद होत नाही.

गॅरेज निवडताना हीच विभागणी उपयोगी पडते. हवेचा दोष ओळखीचा, डोळस मेकॅनिक बहुधा शोधून देतो. रेलमधील दाबाचा दोष असेल तर नोझल तपासण्याचे यंत्र (टेस्ट बेंच) असलेल्या पंप-नोझलवाल्याकडेच जावे. कंपनीच्या अधिकृत केंद्राची खरी गरज वॉरंटीतील गाडीला आणि डीपीएफच्या सक्तीच्या सफाईला लागते. कोठेही गेलो तरी पार्ट बदलण्यास होकार देण्यापूर्वी मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबाचे ते आकडे लिहून मागावेत, आणि काढलेला जुना पार्ट हातात घेऊन पाहावा. आमचा फाटका पाइप अजून गाडीच्या डिकीत आहे.